‘एखादा चांगला ट्रेनर सुचवा ना, डॉक्टर’ : पशुवैद्यकांना खुले पत्र

प्रति,
कुत्र्यामांजरांचे दवाखाने चालवणारे आणि तिथे काम करणारे सर्व पशुवैद्यक

सप्रेम नमस्कार.

मी कुत्र्यांना आणि त्यांच्या घरच्यांना शिकवण्याचं काम करते. नवं कुटुंब आलं की पहिल्याच भेटीत विचारते, याआधी कुणाकडे गेला होतात का, आणि ते नाव कुणी सुचवलं होतं? उत्तर बहुतेक वेळा ‘आमच्या डॉक्टरांनी’ असंच येतं. म्हणून हे पत्र मालकांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

लस टोचून झाल्यावर दाराशी पोचलेला मालक मागे वळून ट्रेनरचं नाव विचारतो. बाहेर चार जण ताटकळलेले असतात, त्यातल्या एकाच्या कुत्र्याला उलट्या होत असतात. अशा घाईत काउंटरवर कुणीतरी ठेवून गेलेलं कार्ड देऊन टाकणं साहजिक आहे, मी त्याचा दोष देत नाही. पण पुढे त्या कार्डाचं काय होतं हे तुमच्यापर्यंत क्वचितच पोचतं. डॉक्टरांनी नाव दिलं म्हणजे पारखूनच दिलं असणार, असं घरचे धरून चालतात. मग तो ट्रेनर काय करणार, कसं करणार, हे ते विचारतच नाहीत. कुत्र्याच्या मानेला हिसका बसताना पाहून पोटात कालवलं तरी गप्प बसतात. आपल्याला यातलं काय कळतं, असं त्यांना वाटतं.

माझी विनंती अशी : ज्याचं काम तुम्ही किंवा तुमच्या दवाखान्यातल्या कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्याचं नाव देऊ नका. ‘सध्या माझ्याकडे नाव नाही, पण ट्रेनर निवडताना काय विचारायचं ते सांगतो’ एवढं म्हणालात तरी फार मोठं काम होईल.

जगातल्या बहुतेक देशांत कुत्र्यांच्या ट्रेनरला परवाना लागत नाही. ठरलेला अभ्यासक्रम नाही, नोंदणी नाही, आणि काही विपरीत घडलं तर जाब विचारणारी कौन्सिलही नाही. तुम्ही वर्षानुवर्षं शिकून, परीक्षा देऊन, नोंदणी करून सुई हातात धरता. ट्रेनर व्हायला मात्र कार्ड छापलं की झालं. ‘बिहेवियरिस्ट’ म्हणजे वर्तनतज्ज्ञ, हा शब्दही बहुतेक ठिकाणी कुणीही नावापुढे लावू शकतो. मालकाला यातलं काही माहीत नसतं. एवढा नाजूक विषय आहे म्हणजे त्याला काही नियम असतीलच, असं त्याला वाटत असतं.

खरं शिक्षण मिळतच नाही असंही नाही. २००१ साली सुरू झालेली ‘सर्टिफिकेशन कौन्सिल फॉर प्रोफेशनल डॉग ट्रेनर्स’ ही संस्था परीक्षेला बसू देण्याआधी प्रत्यक्ष शिकवण्याचे किमान ३०० तास मागते, आणि प्रमाणपत्र टिकवायचं तर पुढेही शिकत राहावं लागतं. कॅरन प्रायर अकॅडमीसारख्या संस्था ट्रेनर घडवतात. ब्रिटनमध्ये ‘अ‍ॅनिमल बिहेवियर अँड ट्रेनिंग कौन्सिल’ पात्र लोकांची यादी ठेवते. तुमच्याच पेशात वर्तनशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले तज्ज्ञ आहेत. अमेरिकेत आणि युरोपात त्यांची स्वतंत्र कॉलेजं आहेत. तेव्हा प्रमाणपत्र जरूर विचारावं, ते देणाऱ्या संस्थेने परीक्षा घेतली की नुसती हजेरी लावून घेतली हेही विचारावं. पण तेवढ्यावर थांबू नये. कागद बरा असलेल्या माणसाचा हात वाईट असू शकतो. अनुभवाच्या वर्षांचंही तसंच. वीस वर्षं एखादी गोष्ट चुकीच्या पद्धतीने करत राहता येते, आणि कुत्रा तक्रार घेऊन येत नाही.

मग पारखायचं कसं? जीन डोनाल्डसन या श्वानप्रशिक्षिकेने मालकांना तीन प्रश्न सुचवले आहेत, आणि मला अजून त्याहून चांगले सापडलेले नाहीत. माझ्या कुत्र्याचं बरोबर आलं तर त्याच्या बाबतीत नेमकं काय होईल? चुकलं तर नेमकं काय होईल? आणि तुम्ही सांगताय त्यापेक्षा त्याला कमी त्रासाचा दुसरा काही मार्ग आहे का? हे तीन प्रश्न फोनवर पाच मिनिटांत विचारून होतात, आणि उत्तरांवरून माणूस बऱ्यापैकी कळतो.

जाणकार ट्रेनर सरळ सांगतो. बरोबर आलं की खाऊ देतो, चेंडू टाकतो, हवं ते हुंगायला पट्टा सैल सोडतो. चुकलं की खाऊ मिळत नाही, आणि मी बघतो की काम त्याला झेपेल त्यापेक्षा अवघड तर केलं नाही ना. यात लपवण्यासारखं काही नसल्यामुळे त्याला शब्द शोधावे लागत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या ट्रेनरला मात्र दुसऱ्या प्रश्नाशी अडखळायला होतं. ‘थोडं करेक्शन देतो.’ ‘आमची बॅलन्स्ड पद्धत आहे’ (म्हणजे बक्षिसाबरोबर शिक्षाही). ‘आधी त्याला लीडर कोण ते कळलं पाहिजे.’ ‘कॉलर फक्त टॅप करते, शॉक नसतो तो.’ अशा वेळी तिथेच थांबून विचारायला हवं, करेक्शन म्हणजे तुमचा हात काय करतो? कुत्र्याच्या गळ्यात काय असतं? चोक चेन, आतून काट्यांचा पट्टा, रिमोटवर चालणारी शॉक कॉलर, यांपैकी काही असेल तर बाकीचं बोलणं कितीही गोड असो, ती सगळी साधनं एकाच तत्त्वावर चालतात. नको असलेलं वागणं थांबावं इतपत दुखलं किंवा भीती वाटली पाहिजे, नाहीतर ती चालणारच नाहीत. वेल्सने शॉक कॉलरवर २०१० सालीच बंदी घातली, आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडनसारख्या देशांतही ती वापरता येत नाही.

गॅरंटी देणाऱ्यापासूनही सावध राहायला सांगा. ‘दहा दिवसांत चावणं बंद, नाहीतर पैसे परत’ असं म्हणणारा माणूस एका सजीवाच्या वागण्याची हमी देतो आहे. ऑपरेशनच्या आधी तुम्ही अशी हमी देता का? आणि ‘कुत्रा महिनाभर आमच्याकडे ठेवा, तयार करून परत देतो’ हा प्रकार असेल तर आणखी खोलात जाऊन विचारायला हवं, कारण तिथे बंद दाराआड काय झालं ते कुणालाच कळत नाही. शिवाय शिकायचं असतं ते घरच्यांनी. कुत्रा ट्रेनरबरोबर छान चालायला लागला आणि घरी येऊन पुन्हा ओढायला लागला, तर त्यात कुत्र्याचं काही चुकलेलं नसतं.

शक्य झालं तर एक वर्ग प्रत्यक्ष बघा. तुम्हाला वेळ नसेल तर दवाखान्यातल्या ज्याला कुत्र्यांची आवड आहे त्याला पाठवा. बाहेरच्या माणसाला वर्ग बघू न देणारा ट्रेनर यादीतून तिथेच काढून टाकावा. आणि गेलात की पहिली दहा मिनिटं ट्रेनरकडे बघूच नका, कुत्र्यांकडे बघा. ताणाची लक्षणं ओळखणं तुम्हाला तर रोजचं आहे. शेपटी कुठे आहे? कान मागे चिकटलेत का? समोर खाणं नसताना जीभ नाकावर फिरते आहे का? झोप आलेली नसताना जांभया येत आहेत का? डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय का? ट्रेनर जवळ आला की कुत्रा त्याच्याकडे झेपावतो, की अंग चोरून घेतो? दोन कुत्र्यांमध्ये पुरेसं अंतर आहे का, की एकमेकांवर भुंकणाऱ्यांना शेजारी उभं करून भुंकल्याबद्दल शिक्षा चालली आहे? माणसांकडेही लक्ष द्या. पट्टा कुणाच्या हातात आहे? पाऊण तास ट्रेनरच्याच हातात असेल, तर घरचे फक्त प्रेक्षक आहेत.

मुकाट बसलेल्या कुत्र्याकडे मात्र दोनदा बघा. हिसके खाऊन खाऊन काहीच न करणारा कुत्रा मालकाला ‘शांत झाला’ असा वाटतो. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग तुम्हाला आठवत असतील. ज्या कुत्र्यांना न टाळता येणारे विजेचे झटके दिले होते, त्यांतले बरेचसे पुढे सुटायची वाट मोकळी असतानाही तसेच पडून राहिले. शिकलेला कुत्रा आणि हार मानलेला कुत्रा, दोघेही सांगितलेल्या जागी बसून असतात. फरक डोळ्यांत, कानांत, पाठीच्या कमानीत दिसतो, आणि तो तुमच्याइतका चटकन कुणाला दिसणार?

‘लीडर’ हा शब्द कानावर आला की एक गोष्ट मालकांना जरूर सांगा. कळपाचा म्होरक्या आणि त्याची सत्ता ही कल्पना मुख्यतः बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर १९४७ साली लिहिलं होतं, आणि ते लांडगे निसर्गात बनतो तसा कळप नव्हते, एकत्र कोंडलेले प्राणी होते. ती कल्पना आपल्या १९७० सालच्या पुस्तकातून जगभर पोचवणारे डेव्हिड मेक यांनीच पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले, आणि १९९९ साली लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे साधारणपणे आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे सत्तेसाठी मारामाऱ्या चालत नाहीत. ते पुस्तक छापणं थांबवावं म्हणून ते स्वतः प्रकाशकाच्या मागे लागले होते. आणि आपण बोलतोय ते लांडग्यांबद्दलही नाही, माणसाशेजारी हजारो वर्षं राहिलेल्या प्राण्याबद्दल! सोफ्यावर चढणारा कुत्रा राज्य बळकावायला निघालेला नसतो. सोफा मऊ असतो.

तुम्ही पुरावा मागणारे लोक आहात, म्हणून अभ्यासांबद्दल थोडं लिहिते. मेगन हेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वर्तन विभागात आलेल्या १४० मालकांना विचारलं, की आजवर कुत्र्याला वळण लावायला काय काय करून पाहिलंत आणि त्यावर कुत्र्याने काय केलं? ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांवर कुत्रा उलटला. पाठीवर उताणं दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्के, डोळ्यांत डोळे रोखून बघणाऱ्यांपैकी ३० टक्के. यातल्या कित्येक गोष्टी ट्रेनर अजूनही घरच्यांना करायला सांगतात, तेही लहान मुलं असलेल्या घरात.

२०२० साली पोर्तुगालमध्ये आना कॅटरीना व्हिएरा द कॅस्ट्रो यांनी वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतल्या ९२ घरगुती कुत्र्यांचा अभ्यास केला. शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि वर्गानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं आढळलं. वर्गाबाहेर घेतलेल्या चाचणीत, खाऊ असेल की नसेल याची खात्री नसलेल्या भांड्याकडे जाताना ते जास्त कचरले. म्हणजे वर्ग संपला तरी त्याचा परिणाम कुत्र्याबरोबर घरी जातो. त्याच वर्षी ब्रिटनच्या लिंकन विद्यापीठाने ६३ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलावल्यावर परत येत नाहीत अशी त्यांच्याबद्दल मुख्य तक्रार होती, आणि शॉक कॉलरचं समर्थन करणारे लोक नेमकं याच कामासाठी तिचं नाव घेतात. कॉलर वापरणारे ट्रेनर कॉलर बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने सुचवलेले होते, त्यामुळे कॉलर चुकीच्या हातात होती असंही म्हणता येत नाही. तरीही बक्षिसावर शिकवलेले कुत्रे हुकूम लवकर आणि पहिल्या हाकेला पाळत होते. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या सोसायटीने २०२१ साली स्पष्ट भूमिका घेतली, की सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा. ही तुमच्याच पेशातल्या लोकांची संघटना आहे.

शिक्षेने वागणं थांबतं, हे मी नाकारत नाही. थांबतं, कधी कधी पहिल्या दिवशी थांबतं, आणि म्हणूनच ती विकली जाते. पण ती नीट लागू पडायला क्षणाचाही उशीर चालत नाही, दरवेळी द्यावी लागते, आणि तिची तीव्रता पहिल्याच वेळी बरोबर साधावी लागते. रस्त्यावर, घाबरलेल्या कुत्र्यासोबत, नवख्या मालकाच्या हातून हे होत नाही. आणि कुत्र्याच्या मनात शिक्षेची सांगड कशाशी बसेल ते आपल्या हातात नसतं. समोरून दुसरा कुत्रा आला, हा भुंकला, मानेत काटे रुतले. आपल्याला वाटतं त्याला कळलं की भुंकू नये. त्याला कळलेलं असतं की दुसरा कुत्रा दिसला की दुखतं.

यातला सर्वात धोकादायक भाग गुरगुरण्याचा आहे. एका घरातली लॅब्रेडॉर कुत्री, वयाने मध्यम, आजवर कुणाच्या वाटेला न गेलेली, अंगाला हात लावला की गुरगुरायला लागली. दवाखान्यातून एक नंबर मिळाला. त्या ट्रेनरने काट्यांचा पट्टा घातला आणि प्रत्येक गुरगुरीला हिसका दिला. काही आठवड्यांत गुरगुर बंद झाली. घरचे खूश होते, त्यांनी ट्रेनरचे आभार मानले. मग एका पावसाळी संध्याकाळी घरातले आजोबा दाराशी बसून टॉवेलने तिचे पाय पुसत होते. पुढचे दोन्ही झाले, मागचा डावा झाला. उजवा पाय उचलून थोडा बाजूला घेतला, तशी तिने मान वळवून त्यांचं मनगट पकडलं. आवाज नाही, ओठ वर गेले नाहीत, काही नाही. टाके पडले.

ते माझ्याकडे आले तेव्हा ती माझ्यासमोर बसली, आणि बसली ती एका बाजूला कलून, उजवा मागचा पाय बाहेर टाकून. उठताना तिने सगळं वजन पुढच्या पायांवर घेतलं. मी हात न लावता त्यांना म्हटलं, शिकवायचं नंतर बघू, आधी एक्स-रे काढून घ्या. खुब्याचा सांधा झिजलेला निघाला. वेदनेवर औषध सुरू झालं, तिला उचलणं बंद झालं, पुसायची पद्धत बदलली, आणि आपण हात लावण्याआधी तिला ‘चालेल का’ विचारायची सवय घरच्यांना लावली. आता ती पुन्हा अधूनमधून गुरगुरते. तिला तेवढं बोलता येतंय याचा मला आनंद आहे, आणि घरच्यांनाही आता त्याचा अर्थ कळतो.

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं आपण म्हणतो. इथे तर डाग दुखणाऱ्या जिवालाच दिला गेला. लिंकन विद्यापीठाचेच डॅनियल मिल्स आणि इतर देशांतले त्यांचे सहकारी यांनी २०२० साली लिहिलंय, की वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्यामांजरांपैकी, हात राखून अंदाज केला तरी, साधारण एक तृतीयांश प्राण्यांच्या मुळाशी कुठलं तरी दुखणं सापडतं. काही ठिकाणी हा आकडा ८० टक्क्यांच्या जवळ जातो. सांधे, कान, दात, पोट, कातडी. म्हणून ‘अचानक चिडका झालाय’, ‘उचललं की गुरगुरतो’, ‘जिना चढायला नाटकं करतो’ असं कुणी सांगितलं, तर ट्रेनरचा नंबर देण्याआधी तुमचा हात त्याच्या पाठीवरून आणि सांध्यांवरून फिरू द्या. हे काम माझ्याकडून होणार नाही, ट्रेनर कितीही चांगला असला तरी. चांगला ट्रेनर उलट अशा कुत्र्याला तुमच्याकडे परत पाठवतो. नाव सुचवण्याआधी त्याला हेही विचारून बघा : कुठल्या केस तुम्ही घेत नाही? ‘सगळ्या घेतो’ म्हणणाऱ्याला घेऊ नका.

एकटं राहिलं की दार ओरबाडणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या, खिडकीतून उडी टाकणाऱ्या कुत्र्याचंही तसंच. त्याला ‘स्टे’, म्हणजे सांगितलेल्या जागी थांबणं, शिकवून काय उपयोग? ती घबराट आहे. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन या औषधांना अमेरिकेत कुत्र्यांच्या याच त्रासासाठी, वर्तनोपचारांच्या जोडीने वापरायला, मान्यता आहे. ती चिठ्ठी फक्त तुम्ही लिहू शकता. वर्षभर चाललेला त्रास औषधाची जोड मिळाल्यावर शिकवण्याच्या टप्प्यात आलेला मी पाहिलाय.

आता पिल्लांबद्दल, इथे माझा तुमच्यातल्या काहींशी मतभेद आहे आणि तो मी मोकळेपणाने मांडते. ‘सगळ्या लसी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढू नका’ हा सल्ला पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या संसर्गांच्या धास्तीने दिला जातो, आणि ती धास्ती खोटी नाही. पण जगाशी ओळख करून घेण्याचा पिल्लाचा महत्त्वाचा काळ जन्मानंतरचे पहिले तीन महिने हाच आहे, आणि लसींचं वेळापत्रक संपेपर्यंत तो निघून गेलेला असतो. वर्तनतज्ज्ञांची जी सोसायटी वर सांगितली, तिनेच पूर्वीपासून सांगितलंय की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू वर्गात येऊ शकतं. पहिल्या लसीला किमान सात दिवस झालेले असावेत, एकदा जंताचं औषध दिलेलं असावं, आणि पुढच्या लसी वेळेवर सुरू राहाव्यात. वर्गाची जागा रोज धुतली जाते का, आजारी पिल्लाला परत पाठवतात का, हे बघायला हवं. ते तुम्हीच उत्तम बघू शकता. तीन वर्षांखालचे कुत्रे संसर्गापेक्षा वर्तनाच्या तक्रारींपायी जास्त मरतात, असंही त्या सोसायटीने लिहून ठेवलंय. ज्या कुत्र्यांना कुणी ठेवून घेत नाही, त्यांचं शेवटी काय होतं ते तुम्ही पाहता, त्यांना कायमचं झोपवण्याचं काम तुमच्याच हातून करून घेतलं जातं. हे मी टोचायला लिहीत नाही. त्या टेबलापर्यंत यायची वेळ टाळण्याची संधी पहिल्या लसीच्या दिवशीच असते, म्हणून लिहिते.

चांगलं शिकवणं दिसतं कसं, हे कुणी विचारलं तर मी नखं कापण्याचं उदाहरण देते. मालक खुर्चीवर, मांडीवर घडी घातलेला टॉवेल. कुत्र्याने हनुवटी टॉवेलवर टेकवली की खाऊ. उचलली की सगळं थांबतं, रागवायचं नाही, फक्त थांबायचं. हे त्याला नीट कळलं की हनुवटी टेकलेली असताना पंजाला बोट लावायचं, खाऊ. मग पंजा हातात, खाऊ. मग नेलकटर पंजाजवळ, नुसता. मग नखाला टेकवून काढून घ्यायचा. मग एकच नख, आणि त्या दिवशी तिथेच थांबायचं. हनुवटी उचलून ‘आता नको’ म्हणायची सोय कुत्र्याला असते, म्हणूनच तो ती पुन्हा आणून टेकवतो. असा कुत्रा तुमच्याकडे आला की तिघांनी मिळून धरावा लागत नाही. रक्त काढताना, कान तपासताना, थर्मामीटर लावताना हेच उपयोगी पडतं. तोंडाला लावायची जाळीसुद्धा अशीच शिकवता येते. कुत्रा स्वतः तोंड आत घालतो. एखाद्या ट्रेनरला हे शिकवता येतं का, हा तुमच्या दृष्टीने फार चांगला प्रश्न आहे.

ओढणाऱ्या कुत्र्याला छातीवरून जाणारा हार्नेस सुचवायला तुम्हाला ट्रेनरचीही गरज नाही. २००६ च्या एका अभ्यासात गळ्यातल्या पट्ट्याने ओढ दिल्यावर कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला आढळला, हार्नेसने वाढला नाही. काचबिंदूचा त्रास असलेल्यांना आणि चपट्या तोंडाच्या जातींना याचा अर्थ काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

‘खाऊ दिल्याशिवाय ऐकतच नाही’ ही तक्रार तुमच्या कानावर येत असेल. खाऊ आधी हातात दाखवून काम करून घेतलं तर तसंच होतं. काम झाल्यावर दिला, आणि सवय पक्की झाल्यावर कधी दिला, कधी शाबासकी, कधी पट्टा सोडून पळायची मोकळीक दिली, तर कुत्रा हात रिकामा असतानाही ऐकतो. हे शिकवायला आठवडे लागतात. लागू द्यावेत.

तुमच्याकडून मागणी फार नाही. दोन-तीन नावांची यादी ठेवा, आणि त्यातल्या प्रत्येकाला फोन करून वरचे प्रश्न विचारा. वर्षातून एकदा कुणीतरी वर्ग बघून या. ज्यांना नाव दिलं त्या मालकाला पुढच्या लसीच्या वेळी विचारा : तिथे कुत्र्याच्या गळ्यात काय घातलं होतं? तो वर्गाच्या दारातून आत जायला उत्सुक असतो, की पाय रोवून उभा राहतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मालक हमखास खरं देतात, कारण त्यात आपण काय लपवायचं हे त्यांना ठाऊक नसतं. यादीतला कुणी बदलला असेल तर नाव खोडून टाका. आणि कुत्रा पाठवताना चार ओळी लिहून द्या : काय तपासलं, काय सापडलं, कुठलं औषध सुरू आहे, कुठे हात लावायचा नाही.

माझ्याकडून मी हे करेन. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक कुत्र्याबद्दल पहिल्या भेटीनंतर लेखी टिपण पाठवीन : तो चालतो कसा, बसतो कसा, कुठल्या हालचालीला थबकतो, घरी काय बदलायला सांगितलं. लंगडताना किंवा उठताना त्रास होताना दिसला तर घरच्यांच्या परवानगीने व्हिडिओही जोडीन, कारण दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर आणि घाबरलेल्या अवस्थेत तो तुम्हाला दिसेलच असं नाही. औषधाबद्दल मी मालकांना काहीही सांगणार नाही, तुमच्याकडेच पाठवीन. आणि वर्ग बघायला कधीही या, आधी कळवण्याची गरज नाही.

आपली,
एक श्वानप्रशिक्षिका